‘बसू नये’खाली नाव

बाई,

तुमच्याकडून शिकलेल्या अक्षरात मी यंदा एक पाटी लिहिली, आणि तेव्हापासून माझ्या तोंडाची चव गेली आहे. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमची आठवण यायची ती बहुतेक काहीतरी मनासारखं लिहून झाल्यावर. घरच्या गणपतीमागचा फलक, मुलीच्या बारशाची आमंत्रणं, असलं काहीतरी. या वेळी मात्र तुम्ही आठवलात त्या शाळेच्या फाटकापाशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या. मी आता सिंगापुरात राहते. चांगी बिझनेस पार्क नावाचा काचेच्या इमारतींचा एक भाग आहे, तिथे एका बँकेच्या ऑफिसात दिवसभर इंग्रजी बडवत असते. पेन हातात येतं ते सही करण्यापुरतं. पण शाळा सोडताना तुम्ही दिलेला बोरू अजून माझ्याजवळ आहे, आणि इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी "अय्या, हातानं लिहिलंत?" म्हणालं की मी अजूनही फुगते.

तुमचं स्वयंपाकघर मला तुमच्या चेहऱ्यापेक्षा स्पष्ट आठवतं. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी तुमच्या मागोमाग घरी यायचे. तुम्ही थालिपिठाची भाजणी भिजवताय, आणि मी ओट्यापाशी स्टुलावर उभी. वही तुम्ही काढू द्यायच्या नाहीत. बोट पाण्यात बुडवायचं आणि काळ्या ओट्यावर अक्षर काढायचं. "वाळून जायच्या आत बघ, कुठे चुकलं ते," तुम्ही म्हणता, मागे वळूनही न बघता. ‘ब’चं पोट मला कधी जमायचं नाही. तुम्ही पिठाच्या हातानं माझं मनगट धरून ते फिरवायच्या, मग माझ्या बाहीला पीठ लागायचं आणि घरी आई विचारायची, शिकायला जातेस की दळायला. महापालिकेच्या शाळेतल्या एका पोरीसाठी तुम्ही तुमचा शनिवार का घालवत होतात, हे मी कधी विचारलं नाही. अक्षर बरं झालं तेव्हा तुम्ही मला फाटकाजवळच्या फळ्यावरचा रोजचा सुविचार लिहायला दिलात, आणि त्या वर्षी शाळेत माझ्याइतकी शिष्ट मुलगी दुसरी नव्हती.

त्याच शिष्टपणात मी आयुष्यातली पहिली पाटी लिहिली होती. शाळेच्या कुंपणभिंतीची सावली दुपारी फुटपाथवर पडायची आणि भाजीवाल्या तिथे टोपल्या घेऊन बसायच्या. हेडसरांना ते खुपायचं. त्यांनी मला बोलावून पत्र्याचा एक तुकडा आणि पांढऱ्या रंगाचा डबा दिला. मी जीव ओतून लिहिलं, ‘येथे बसू नये’. शिपायानं ती भिंतीवर ठोकली आणि मी कौतुकाची वाट बघत खाली उभी राहिले. तुम्ही आलात, वाचलंत आणि विचारलंत, "कोण म्हणतंय?" मी म्हटलं, हेडसर. "मग त्यांचं नाव कुठंय?" भाजीवाल्या टोपल्या सावरत आपल्याकडे बघताहेत, आणि तुम्ही रस्त्यावर उभ्या राहून मला व्याकरण शिकवताय. "‘बसू नका’ म्हणणारा समोर उभा असतो. त्याला विचारता येतं, का रे बाबा? ‘बसू नये’ कोण म्हणतं? भिंत? पत्रा? ज्याला ‘नये’ म्हणायचं त्यानं खाली नाव घालावं. आण तो ब्रश." माझे कान तापले होते. मी रडत रडत ‘येथे बसू नये’च्या खाली हेडसरांचं पूर्ण नाव लिहिलं. मुलं येता-जाता ते मोठ्यानं वाचायला लागली, पालक हसायला लागले, आणि संध्याकाळी हेडसरांनी स्वतः शिपायाकडून पाटी काढवली. भाजीवाल्या होत्या तिथेच बसल्या. मला वाटतं त्या दिवशी तुमच्या पिशवीत कुणीतरी कोथिंबिरीची जुडी फुकट घातली, आणि तुम्ही ती परत केलीत.

इथे आल्यावर आम्ही बरीच वर्षं तोआ पायोहला भाड्याच्या सरकारी फ्लॅटमध्ये राहिलो. शुक्रवारी मी बसनं लिटिल इंडियात जायचे, किराणा आणि फुलं आणायला. तिथे एका जुन्या दुकानाच्या ओसरीत एक तमिळ म्हातारी गजरे वळत बसायची. इथल्या जुन्या घरांना खाली दुकान, वर खोल्या आणि दुकानापुढे अशी झाकलेली ओसरी असते, ऊन-पावसात माणसांनी खालून चालावं म्हणून. मी तिला अक्का म्हणायचे. ती इथेच जन्मलेली, तिची आईही तिथेच बसून फुलं विकायची. वरच्या खोल्यांत बांधकामावरचे मजूर दाटीवाटीनं राहत, कुणी तमिळनाडूतले, कुणी बांगलादेशचे. त्यांची धुणी खिडक्यांतून लोंबायची, आणि अक्का मान वर करून ओरडायची, कारण पाणी फुलांवर ठिबकायचं. मग सार्सची साथ येऊन गेली, घरांच्या किमती पडल्या, आणि नवरा म्हणाला, आत्ताच घ्यायला हवं. तिथेच जवळ नवा कॉन्डो, म्हणजे खासगी फ्लॅटांची इमारत, उठत होता. आम्ही नमुन्याचा फ्लॅट बघायला गेलो तर माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर काय असावं? अक्काचे हात. सुरकुतलेले, मोगरा ओवणारे. खाली इंग्रजीत लिहिलेलं, ‘वारशाच्या कुशीत राहा’. मला तेव्हा ते आवडलं होतं, बाई. मी ओळखीचे हात म्हणून खूश झाले, आणि आम्ही फ्लॅट घेतला.

आम्ही राहायला गेलो आणि वर्षभरात ते दुकानघर विकलं गेलं. वरचे मजूर लांबच्या वसतिगृहात हलवले गेले. घराला पिस्त्याच्या रंगाचा हात दिला, खिडक्यांना नवी लाकडी झडपं बसवली आणि तिथे छोटं, महागडं हॉटेल झालं. ओसरीत आता पितळी हंडा ठेवलाय, त्यात पाणी आणि पाण्यावर फुलं. ती विकायची नाहीत, फक्त ठेवायची. अक्काला तिथून उठवल्यावर ती आमच्या फाटकाबाहेर येऊन बसली. तिथे बिल्डरनंच, रस्त्याच्या कडेला पण आमच्या हद्दीत, झाडाखाली ग्रॅनाइटचा एक लांब बाक बांधला होता. रविवारी मजूर लांबून लॉरीत बसून या भागात यायचे, घरी फोन करायचे, सामान घ्यायचे, आणि संध्याकाळी लॉरी येईपर्यंत त्या बाकावर टेकायचे. सहा दिवस दुसऱ्यांची घरं बांधून सातव्या दिवशी माणसाला टेकायला दगड लागतो, यात आश्चर्य वाटण्यासारखं मला तरी काही दिसलं नाही. पण आमच्या इमारतीतल्या लोकांना मात्र भलतंच आश्चर्य वाटलं.

रहिवाशांची सभा पोहण्याच्या तलावाशेजारच्या हॉलमध्ये झाली. बशीत करी पफ, कागदी पेल्यांत चहा. समितीचे अध्यक्ष इथलेच, निवृत्त चिनी गृहस्थ. ते मान हलवत इथल्या पद्धतीच्या इंग्रजीत म्हणाले, "नॉट दॅट वुई डोन्ट लाइक देम, हां. बट मस्ट हॅव स्टँडर्ड, ला." सेक्रेटरी आपल्यातली, माझ्याच मजल्यावर राहणारी. तिला सगळे वहिनी म्हणतात. मंडळात संस्कृती या विषयावर तिच्याइतकं कुणी बोलत नाही. ती उठून म्हणाली की रविवारी मुलींना पूलवर पाठवायची सोय राहिलेली नाही, सगळे इकडेच बघत बसलेले असतात. मग माझ्या कानाशी येऊन मराठीत, "आणि ती फुलवाली! फाटकातच देठांचा नुसता ढीग." मी म्हटलं, "वहिनी, तीच आपल्या लॉबीत टांगलीय ना." खरंच टांगली होती. माहितीपत्रकातला तो फोटो पुरुषभर मोठा करून लिफ्टसमोर लावलेला आहे, हात काळेपांढरे आणि मोगरा तेवढा रंगीत. वहिनी म्हणाली, "फोटोची गोष्ट वेगळी गं." हातातला करी पफ मी तसाच रुमालात गुंडाळला.

ठरलं असं की पाटी लावायची. अध्यक्षांनी विचारलं, तमिळमध्ये ना? इथे जिकडेतिकडे तमिळ लिहिलेलं असतंच, त्यांना ते बरोबर ठाऊक होतं. पण वहिनी कसली ऐकते. "नो नो सर, दे आर ऑल फ्रॉम इंडिया. हिंदी इज अवर नॅशनल लँग्वेज. एव्हरीबडी रीड्स." मी तिला हळूच सांगितलं की त्या बाकावर बसणाऱ्यांतल्या एकालाही देवनागरी वाचता येत नसणार. "येतं गं थोडंथोडं सगळ्यांना. पिक्चर बघतात ना!" अध्यक्षांनी हात वर केले, "ओके, ओके, यू इंडियन, यू नो बेटर." इथे उभा जन्म काढला तरी आपल्या लोकांच्या डोक्यातून हे जात नाही, की आपल्याला वाचता येतं ते साऱ्या हिंदुस्थानाला वाचता येतं. मग सगळ्यांनी होकाराचे हात वर केले आणि वहिनीनं माझ्याकडे बोट दाखवलं. हिचं अक्षर बघा, गणपतीचा फलक हीच लिहिते. मी हात वर केला नव्हता. पण नकोही म्हटलं नाही.

घरी नवरा म्हणाला, "लिहून टाक ना दोन ओळी. कशाला वाकड्यात शिरतेस? राहायचंय आपल्याला इथे." तेही खरं होतं. रविवारी सकाळी पांढरा फलक जेवणाच्या टेबलावर पसरला, काळा रंग कालवला, बोरू काढला. हिंदीत लिहायचा कंटाळा आला. कुणालाच वाचता येणार नाही तर मराठीत का नाही? मी लिहिलं, ‘येथे बसू नये’. ‘ब’चं पोट असं काही आलं, बाई, की तुम्ही मागे वळून बघितलं असतं. आणि ते ‘नये’ वाळत असताना माझे कान पुन्हा तापले, त्या दुपारसारखे. कोण म्हणतंय? मी बोरू पुन्हा रंगात बुडवला आणि खालच्या ओळीत लिहिलं, ‘असे सांगणारे आम्ही’. त्याखाली हात वर केलेल्या प्रत्येक घराचा नंबर, मराठी आकड्यांत. सगळ्यांच्या आधी माझ्या घराचा, कारण लिहिणारी मीच होते. नवऱ्यानं बघितलं, कपाळाला हात लावला आणि टीव्ही लावला. मुलीनं खांद्यावरून डोकावून विचारलं, "आई, इट सेज वेलकम, इज इट?" तिला वाचता येत नाही, हा माझा दुसरा पराक्रम.

अध्यक्षांना पाटी फार आवडली. "सो ब्यूटिफुल. लाइक टेंपल." ती बाकाच्या बरोबर वर झाडाला बांधली, आणि त्या संध्याकाळी मजूर तिच्याखाली बसून डब्यातला भात खात होते. एकानं तर पाटीकडे बघून नमस्कार केल्यासारखं कपाळाला बोट लावलं. देवाचं काही लिहिलंय असं त्यालाही वाटलं असावं. शुक्रवारी मी फुलं घ्यायला खाली गेले तर अक्का म्हणाली, "यू राइट, आह? सो नाइस. से व्हॉट?" मला खोटं सांगता आलं असतं. मी सांगितलं, लिहिलंय की इथे बसू नका, आणि खाली लिहिलंय की कोण म्हणतंय. तिनं दोरा दातांनी तोडला. "यू ऑल्सो इनसाइड?" मी म्हटलं, हो, माझाही नंबर आहे. तिनं नवं फूल ओवायला घेतलं. रागावली वगैरे नाही. मग म्हणाली, "देन फ्रायडे यू बाय फ्लॉवर फ्रॉम हू, मा?" मी गजरा घेतला आणि वर आले.

पुढच्या मंगळवारी वहिनीकडे कुणाची तरी मंगळागौर होती. मंडळातल्या बायका नऊवारी नेसून फाटकाशी आल्या, आणि त्यातल्या एकीनं उभं राहून पाटी मोठ्यानं वाचली. आकड्यांसकट. बाकीच्या हसल्या आणि वर जाऊन वहिनीला म्हणाल्या, "काय गं, तुझाच नंबर की हा!" फुगड्या संपायच्या आत वहिनी माझ्या दारात उभी, नथ अजून नाकात. "आमचा नंबर कुणाला विचारून घातलास?" मी म्हटलं, हात वर केला होतात ना. "हात वर करणं वेगळं, नाव लावणं वेगळं! लोक काय म्हणतील?" "कोण लोक? ज्यांना उठवायचं त्यांना तर वाचताच येत नाही." "त्यांचं कुठे म्हणतेय मी," ती ओरडली, "आपल्या लोकांना येतं ना!" बाई, इतकं स्वच्छ उत्तर मला कुणी कधी दिलं नव्हतं. त्या माणसांना हाकलायचं, याची तिला लाज नव्हती. हाकलताना ओळखीच्या बायकांनी बघितलं, याची होती. रात्री झोपेपर्यंत आणखी तीन घरांतून फोन आले. सगळे आपलेच, सगळे सुशिक्षित, सगळ्यांचं म्हणणं एकच, पाटी राहू दे पण आमचा नंबर काढ. मी म्हटलं, तसं करता येणार नाही. गणपती तोंडावर आले होते, घरोघरी पाहुणे येणार होते. दुसऱ्या दिवशी पाटी गायब झाली.

त्यानंतरचे काही दिवस मी हवेत होते. लिफ्टमध्ये वहिनी भेटली तर मी मुद्दाम गोड हसायचे. अक्का बाकावर होती, रविवारी मजूर आले, मला वाटलं झालं, बाईंचा डाव इथेही चालला. हेडसर काय नि वहिनी काय, नावाला भिणारी जात एकच. हे तुम्हाला लिहून कळवावं असं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं. बरं झालं नाही लिहिलं.

कारण नंतर एका सकाळी ऑफिसला निघाले तर फाटकाबाहेर ड्रिलचा आवाज. बाक फोडत होते. सभा नाही, पाटी नाही, हात वर करणं नाही. मॅनेजरला विचारलं तर तो म्हणाला, "लँडस्केपिंग, मॅडम." कुणी सांगितलं? "कौन्सिल." कौन्सिल म्हणजे आमची समितीच. त्यातलं कोण? तो छान हसला. फोडणारे दोघे तेच, रविवारी बसणारे. त्यातल्या एकाला मी ओळखलं, पाटीला नमस्कार करणारा. न्याहारीला त्यांनी डबे उघडले तेव्हा बसायला काही राहिलं नव्हतं, म्हणून लॉरीच्या फळीवर चढून बसले. आता तिथे सिमेंटच्या उंच कुंड्या आहेत आणि त्यांत बोगनवेल, काट्यांसकट. दिसायला सुरेख आहे. त्यात कुठेही ‘नये’ लिहिलेलं नाही, तेव्हा खाली नाव घालायचाही प्रश्न येत नाही. तुमचं व्याकरण या लोकांनी असं मोडून ठेवलंय, बाई. मी कुणाशी भांडू? बोगनवेलीशी? अध्यक्ष म्हणतात, बहुतेक वहिनींनी सुचवलं. वहिनी म्हणते, अध्यक्षांनी. नवरा म्हणतो, सोड आता. गणपतीत मंडळाचे लोक आले, कुंड्यांपुढे उभं राहून त्यांनी फोटो काढले आणि एकजण म्हणाला की एरिया आता खूपच सुधारलाय. मी त्याला मोदक वाढला. आपल्या हातानं वाढला आणि वर तूपही घातलं, याची मला अजून शिसारी येते.

अक्का तोआ पायोहच्या बाजारात नातेवाइकांच्या भाजीच्या गाळ्यापुढे बसते, असं किराणावाल्यानं सांगितलं. तो बाजार मला पाठ आहे, डोळे मिटून जाईन. गेलेले नाही. शुक्रवारी मी त्या चोवीस तास उघड्या असणाऱ्या मोठ्या दुकानातून प्लॅस्टिकच्या डबीतला गजरा आणते, त्याला वास नसतो. आणि लिफ्टची वाट बघत अक्काच्या पुरुषभर हातांसमोर उभी राहते, कारण लिफ्ट यायला वेळ लागतो आणि दुसरीकडे बघायला भिंत नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? पत्ताच नाही, तेव्हा ते बोरूच्या डब्यात राहील. पण एक गोष्ट सांगायची राहिली, आणि तिच्यासाठीच मी इतका वेळ घोळ घालत बसले आहे. आमची झोपायची खोली रस्त्याच्या बाजूला आहे. बाक होता तेव्हा रविवारी दुपारभर खालून आवाज यायचे. तमिळ, बंगाली, फोनवर मोठमोठ्यानं बोलणं, हसणं, अक्काचं कुणावर तरी खेकसणं. आता काही ऐकू येत नाही. पडदा ओढला की मला रविवारी दुपारी फार छान झोप लागते, बाई. लिहिलं खरं. खाली नाव घालत नाही.